गवत कापून जा

मी लेखक नव्हे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, एवढ्याच आधारावर लिहायला बसलोय. चुकलं तर माफ करा.

ऐंशीच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोच्या डोंगरउतारावर आमच्या शेजारी एक काका राहायचे. मे महिना लागला की ते कोयता घेऊन दारोदार फिरत.

"इंडियाची तिकिटं झाली ना? मग घरामागचं गवत कापून जा. कळलं का?"

प्रत्येक वाक्यानंतर ते "कळलं का?" विचारायचे आणि उत्तर मिळेपर्यंत हलायचे नाहीत. उन्हाळाभर आम्ही सगळी मराठी मंडळी घरं बंद करून पुण्या-नागपूरला जायचो. नेमकं तेव्हाच इथलं गवत वाळायचं आणि वणवे लागायचे.

"आल्यावर करू, काका," बाबा म्हणायचे.

"आग तुमच्या फ्लाइटसाठी थांबेल होय? कळलं का?"

त्यांची पाठ वळली की आम्ही नक्कल करायचो. सगळ्यात हुबेहूब मी करायचो.

एका वर्षी जुलैत पुण्याला मामांकडे ट्रंक कॉल आला. डोंगरावर वणवा लागला होता.

"आमचं घर?" बाबांनी आधी तेच विचारलं.

घर वाचलं होतं. आम्ही निघाल्यावर काकांनीच आमच्या घरामागचं गवत कापलं होतं. पुढच्या बंद घरामागे ते कापत असताना आगीनं त्यांना गाठलं.