करंड्यातलं मेण

मेंढरांमागे फिरता फिरता एका पावसाळ्यात धुळाप्पाचा उजवा गुडघा कायमचा आखडला. होटगीच्या बाजूला चनमल्लप्पांचा मळा होता. त्यांनी म्हैसूरकडून मधमाश्यांच्या दोन लाकडी पेट्या आणवल्या होत्या. एकीत माश्या, दुसरी रिकामी.

"बसून करायचं काम हाय," चनमल्लप्पा म्हणाले होते. "माशा हायत तवर खोप तुजी."

तेव्हापासून धुळाप्पा आणि त्याची बायको म्हाळसाबाई मळ्यातल्या खोपीत राहत होती.

पेटीच्या पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या असत. त्यांतलं पाणी तो रोज बदली. सांध्यांत किडीनं धरलेली जाळी खुरप्याच्या टोकानं काढी. रिकामी पेटी आतून पेटत्या चिपाडानं हलकी शेकी आणि जुन्या पोळ्याचं मेण घासून लाकडात जिरवी. मेंढराची पाठ चाचपावी तसा फळी चाचपे. बोले फार कमी. दिवसभर कानाशी जो आवाज घुमे, त्यात आपली भर कशाला, असं त्याला वाटत असावं.

घट बसायला दोन दिवस असताना माश्यांच्या पेटीचा तळ वाळवीनं पोखरलेला दिसला. माश्या दुसऱ्या पेटीत हलवायला हव्या होत्या. पोळी चौकटींना बांधायला केळीच्या सालीचं सोपट हवं म्हणून तो केळीकडे गेला. परतला तेव्हा रिकामी पेटी उन्हात उपडी होती. राखेनं घासलेली, रिठ्यानं धुतलेली, आतून शेणानं सारवलेली. म्हाळसाबाई तिला उदाचा धूर देत होती.

"घटाला सगळं घर धुतलं. हेच काळंमिट्ट ऱ्हायलं व्हतं," ती म्हणाली. "मेणाचा थर निगता निगंना. उकिरड्यावर टाकला."

"माशांस्नी इचारलंस?"

"घर धुताना सासूला तरी कवा इचारलं व्हतं म्या?"

तो हसला नाही. तळ ढासळत होता, थांबायला वेळ नव्हता. त्यानं पोळी कापून धुतलेल्या पेटीतल्या चौकटींना बांधली, माश्या आत घातल्या. ऊन कलायच्या आत सगळ्या बाहेर आल्या आणि लिंबाच्या फांदीला काळा घोस होऊन लटकल्या.

धुळाप्पा खाली बसला. गुडघा लांब करून तो वर बघत राहिला. तो घोस सकाळी उठून कुठंही जाईल, मग खोपीत राहायचं कारण उरणार नाही.

"अवो, काय तरी करा की."

"वास जायला पायजे. त्यांचा वास यायला पायजे."

शेण त्यानं खरवडून काढलं. चिपाड पेटवून फळ्या शेकल्या. उकिरडा कोंबड्यांनी उकरला होता. मेण मातीत मिसळून गेलं होतं. म्हाळसाबाई खोपीत गेली आणि करंडा घेऊन आली. कुंकवाखाली लावायचं मेण त्यात होतं, याच पोळ्याचं, बोटांनी मऊ झालेलं.

"सणाचं काय लावशील?"

"घासा. लई इचारू नका."

एवढंसं मेण. दोघांनी मिळून ते कोपऱ्यांत घासलं. मग त्यानं फांदीखाली पेटी धरली, तिनं फांदी झटकली. माश्या आत पडल्या, काही बाहेर घोटाळल्या. अंधार पडेपर्यंत दोघं खोपीच्या दाराशी बसून राहिली.

घट बसले त्या दिवशी म्हाळसाबाई न्हाऊन आली. कोरडं कुंकू कपाळावर ठरेना. दिवा लावायला वाकली तसं नाकावर उतरलं.

"नाक रंगलं की तुजं," धुळाप्पा म्हणाला.

"तुमच्या माशांनी मेण खाल्लं. त्यास्नी सांगा."

तो पेटीकडे बघत होता. एक माशी दाराशी उतरली, तिच्या पायांना परागाचे पिवळे गोळे होते. क्षणभर ती थांबली, मग आत गेली. तिच्यामागून दुसरी.

धुळाप्पानं हात टेकून गुडघा सावरला आणि वाट्यांतलं पाणी बदलायला उठला.