दोनदा टोचलेल्या पिशव्या

अक्षराबद्दल आधीच माफ करा. चौथीनंतर माझं लिहिणं झालं ते पुठ्ठ्याच्या खोक्यांवर, जाड मार्करने, आणि तेही बहुतेक आकडेच. त्यामुळे वहीच्या दोन रेघांत माझं अक्षर मावत नाही. ऱ्हस्व-दीर्घ तर मी अंदाजाने देते.

मुलाचा एक मित्र तोयोसूला राहतो. त्याला माझ्या मुलासारखीच गाडी बांधायची आहे, म्हणजे जुन्या इंग्लिश स्पोर्ट्स गाडीची नक्कल, सुटे भाग आणून घरी जोडायची. गेल्या रविवारी तो इथे जपानात, त्सुकुबाला मुलाच्या घरी जेवायला आला आणि मला म्हणाला, "काकू, तुम्ही सगळं जवळून पाहिलंत. पहिल्यांदा करणाऱ्याला काही सल्ला द्या ना." मला चार माणसांत बोलता येत नाही. मी म्हटलं, आमटी घ्या. पण तो गेल्यावर जे बोलले नाही ते डोक्यात फिरत राहिलं, म्हणून लिहून काढते. वाटलं तर पानं फाडून त्याला देईन. नाही वाटलं तर वही माझ्याच बॅगेत परत जाईल.

मी भोसरीला एका नट-बोल्टच्या वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं होते. माझं टेबल तपासणीचं आणि पॅकिंगचं. बोल्ट गेजमध्ये घालून बघायचे, डोक्यावरचा छाप बघायचा, दहा नग वजन करून त्यावरून सगळ्यांचा हिशोब काढायचा, पिशवी भरायची, वर पुठ्ठा लावून स्टेपल करायची. मालकांनी वर्कशॉप बंद केलं तेव्हा सगळ्या बायकांना थोडे थोडे पैसे मिळाले. माझे मी बँकेत ठेवले होते.

मुलाचा फोन आला तेव्हा तो घाईत होता. त्याने एका माणसाकडून गाडीचं किट घ्यायला सुरुवात केली होती. त्या माणसाने ते परदेशातून स्वतःसाठी मागवलं, मग त्याची पाठ धरली, म्हणून विकतोय. आठ खोकी. सहा मुलाने आपल्या पैशांनी घेतली होती, दोन राहिली होती. विकणारा म्हणत होता की त्या दोन खोक्यांना दुसरं गिऱ्हाईक आहे. मुलगा मला म्हणाला, "आई, एक लाख ऐंशी हजार. वर्षात परत देतो. आणि हिला इतक्यात सांगू नकोस."

मी पैसे पाठवले. पण ज्याला गाडी विकायची तो एकेक खोकं का विकतो, हे मला तेव्हापासून खटकत होतं. आणि शेवटच्या खोक्यांनाच दुसरं गिऱ्हाईक कसं मिळतं? पहिल्या सहांना का नाही मिळालं? तोयोसूवाल्या मित्राला माझं पहिलं सांगणं हेच असेल. अर्धी खोकी घरात आली की माणूस अडकतो. मग उरलेल्यांची किंमत दुसरा ठरवतो. घ्यायचं तर सगळं एकदम घ्यायचं, आणि पैसे देण्याआधी एकेक पिशवी हातात घेऊन बघायची.

त्यानंतर मी तीन महिन्यांसाठी इथे आले. घराला लागून पत्र्याची शेड आहे. तिच्यात लोखंडी सांगाडा चार स्टँडवर उभा होता आणि फायबरची पिवळी बॉडी भिंतीला टेकून ठेवली होती. ती शेडच्या दारातून आत येईना म्हणून मुलाने दाराची चौकट काढली होती, आणि घरमालकाला अजून सांगितलं नव्हतं. म्हणजे दार आधी मोजा, हेही त्या मित्राला सांगायला हवं. इंजिन एका ठोकर बसलेल्या जुन्या गाडीतून काढलं होतं. सुनेचं म्हणणं होतं की फायबर घासल्याची पूड तिच्या ऑफिसच्या कपड्यांत शिरते आणि दिवसभर अंग चावतं. ते खरंच होतं. मी त्याचे कपडे वेगळे धुवायला लागले.

दोघं कामावर गेली की मी शेडमध्ये जायचे. कुणी नसलं की मला बरं वाटतं. माझ्या पैशांची दोन खोकी मी ओळखून काढली. एकात पुढच्या चाकांना धरून ठेवणारे त्रिकोणी लोखंडी हात होते. दुसऱ्यात ते हात सांगाड्याला जोडायचे बोल्ट, पिशव्यांत. विकणाऱ्याने लिहून दिलं होतं, पिशव्या न उघडलेल्या.

पिशवीच्या तोंडावरच्या पुठ्ठ्याला चार भोकं होती. एका स्टेपलची भोकं दोनच होतात. उरलेली दोन थोडी वर होती, रिकामी. दुसरी पिशवी घेतली, तीही तशीच. मी बावीस वर्षं पिशव्या टोचल्या आहेत. पिशवी उघडून परत बंद केली की नवी पिन जुन्या भोकात कधी बसत नाही.

मग बोल्ट बघितले. चकचकीत, नवे. पण डोकी कोरी. आमच्याकडे जोराच्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा उठवलेला असायचा. तो नसला की तो माल खिडक्या-दारांना जायचा, गाड्यांना नाही. मुलाकडे किटचं जे पुस्तक आहे ते इंग्लिश आहे, मला वाचता येत नाही. पण त्यातल्या चित्रात बोल्टच्या बाजूला ८.८ लिहिलेलं मला दिसत होतं.

तरी मी बोलले नाही. मुलगा इंजिनीअर. मनात म्हटलं, परदेशातले बोल्ट कोरेही असतील. पण रोज गेले की पिशव्यांतले बोल्ट मोजायचे हे ठरवलं.

समोर एक म्हातारे जपानी आजोबा राहतात. सकाळी कुत्रा घेऊन निघाले की आमच्या शेडशी थांबायचे, आत डोकवायचे, कुत्रा ओढायला लागला तरी हलायचे नाहीत. मुलाने त्यांना कधीही येऊन बघा म्हणून सांगितलं होतं. मला ते थांबणं आवडत नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या पडद्याआडून बघायचे. एकदा ते आत आले, उघड्या पिशवीतला एक बोल्ट उचलला, उजेडात फिरवला आणि सरळ कोटाच्या खिशात टाकला.

ते गेल्यावर मी मोजले. चोवीसचे तेवीस झाले होते. त्या दिवशी मी एकेक करून सगळ्या पिशव्या घरात आणल्या आणि तांदळाच्या डब्यात, तांदळाखाली ठेवल्या. मला वाटलं, कोऱ्या डोक्यांचं कोडं सुटलं. हेच आजोबा चांगले नेऊन वाईट ठेवत असतील.

सुनेने भात लावायला डबा उघडला आणि पिशवी हाताला लागली. मी आजोबांचं सांगितलं. ती हसली. "आई, इथे कुणी काही चोरत नाही. छत्री विसरली तरी परत मिळते."

"छत्रीचं मला माहीत नाही," मी म्हटलं. "बोल्ट तेवीस आहेत."

तिने माझ्याकडे जरा वेगळंच बघितलं. "तुम्हाला त्या गाडीची एवढी काळजी कशी काय?" मी तांदूळ निवडायला घेतले. इथले तांदूळ निवडावे लागत नाहीत, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

इकडे मुलाने डाव्या चाकाचे हात जोडून टाकले. लागणारे चार बोल्ट त्याने मी मोजायला लागायच्या आधीच बाजूला काढून ठेवले होते. माझ्या परतीच्या आधी गाडी तपासणीला न्यायची, इथे तिला शाकेन म्हणतात, आणि ती पास झाली की सुनेला घेऊन समुद्रापर्यंत जायचं, असं त्याने ठरवलं होतं. मी विचारलं, तपासणीत बोल्ट खोलून बघतात का? तो म्हणाला, "नाही गं. ब्रेक, दिवे, धूर, कागद. बोल्ट कोण खोलणार?" म्हणजे ते बोल्ट त्याच्यानंतर कुणीच बघणार नव्हतं.

एका सकाळी मी पडद्याआड होते तेव्हा आजोबांनी आमच्या पत्रपेटीत एक पाकीट टाकलं. वर जपानी अक्षरं. दुसऱ्याचं पाकीट उघडू नये हे कळत असूनही मी उघडलं, कारण आतलं हाताला लागत होतं. आमचाच बोल्ट होता तो, दोन तुकडे झालेला. डोकं एकीकडे, दांडा एकीकडे. सोबतच्या कागदावर पान्याचं चित्र, खाली जपानीत दोन ओळी, आणि दोन आकडे. आकडे मला वाचता आले. ८५ ला गोल केला होता. ५० वर फुली होती.

आमच्या वर्कशॉपमध्ये मिस्त्री दर मालातला एक बोल्ट शिकंज्यात धरून आकड्यांच्या पान्याने पिळायचे, तुटेपर्यंत. किती आकड्याला तुटला ते पाटीवर लिहायचे. आजोबांनी तेच केलं होतं. ८५ पर्यंत पिळायचा बोल्ट ५० लाच गेला होता. मी पायरीवर बसले. आजोबांविषयी काय काय मनात आणलं होतं ते आठवत होतं. पण त्याहून जास्त ते डावं चाक दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. दुपारी जेवायला बसलो तेव्हा मी ते दोन तुकडे मुलाच्या ताटाशेजारी ठेवले. पाकीट मी उघडलं हेही सांगितलं. तो कागद वाचून म्हणाला, "आजोबा जुने मेकॅनिक आहेत. पण आई, पाना जुना असेल त्यांचा. हे किट परदेशातून आलंय."

"डोकं बघ. वर काही लिहिलेलं नाही."

"सगळ्यांवर नसतं लिहिलेलं."

"तुझ्या पुस्तकात लिहिलंय. चित्रात." मी पुढे म्हटलं, "आणि परदेशातून आलेली पिशवी एकदाच टोचलेली असते. ह्या दोनदा टोचल्यात. मी पिशव्या भरल्यात रे, मला कळतं."

तो ताट तसंच ठेवून शेडमध्ये गेला. परत आला तेव्हा हात काळे होते. डावीकडचे चारही बोल्ट त्याने काढून आणले होते, चारही कोरे. एकाचा दांडा नुसता हाताने आवळतानाच वाकला होता. तो खाली बसला आणि म्हणाला, "ह्यावर मी हिला बसवणार होतो."

सुनेने विचारलं, त्या दोन खोक्यांना किती पडले. त्याने आकडा सांगितला, आणि पैसे कुणाचे तेही सांगितलं. ती त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही. मला मात्र म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही आमच्या घरातल्या वस्तू मोजता."

मुलाने विकणाऱ्याला मेल केली. उत्तर लांबलचक आलं, माफी चार वेळा मागितलेली, पैशांचा शब्द नाही. मग आजोबाच म्हणाले की त्याच्याकडे जाऊन समोर बसू. गाडीत पुढे ते दोघं, मागे मी. मला का नेलं माहीत नाही. आजोबांना मी आवश्यक आहे असं वाटलं म्हणे.

विकणारा वाकून वाकून बोलत होता. पिशव्या अशाच आल्या, आपल्याला काही कल्पना नाही, असं त्याचं म्हणणं. मला बोलणं कळत नव्हतं, म्हणून मी इकडे तिकडे बघत होते. त्याच्या शेडमध्ये दुसरी एक गाडी उभी होती, तसलीच, पण पुरी झालेली. पाठ धरलेल्या माणसाने ती कधी बांधली? मी खाली वाकले. तिच्या पुढच्या चाकांच्या बोल्टवर ८.८ होतं. आमच्या पिशव्यांतून काढलेले चांगले बोल्ट ते हेच. मी मुलाच्या बाहीला धरून बोट दाखवलं. आजोबा गुडघ्यावर बसले, त्यांनी बघितलं, आणि त्या माणसाकडे नुसते पाहत राहिले. तो बोलायचा थांबला.

पैसे देतो म्हणाला, पण खोकी परत हवीत. तेव्हा मी बोलले, मराठीतच. "बोल्ट द्यायचे नाहीत. तो पुन्हा पिशवीत भरेल."

मुलाने त्याला काय सांगितलं ते ठाऊक नाही, पण बरंच कमी शब्दांत सांगितलं. लोखंडी हात परत दिले. बोल्ट आजोबांनी घरी आणून एकेक वाकवले आणि इथे महिन्यातून एकदा लोखंडाचा कचरा नेतात, त्या दिवशी टाकले.

मी त्यांना बेसनाचे लाडू नेऊन दिले, त्यांनी दुसऱ्या दिवशी मुळे दिले. पुढे मुलाने हसत सांगितलं की आजोबांनाही माझा संशय होता. म्हातारी बाई शेडमधून एकेक पिशवी ओढणीखाली लपवून नेते, म्हणजे परस्पर विकत असेल, असं त्यांना वाटलं होतं. म्हणून पाकीट मुलाच्या नावाचं होतं.

समुद्राला जाणं तेव्हा राहिलं. मुलाने नवे हात आणि नवे बोल्ट सरळ किट बनवणाऱ्यांकडून, हळूहळू, पगारातून मागवले. मी भोसरीला होते तेव्हा त्याने प्रत्येक पिशवी फोनवर दाखवली. मी पुठ्ठा जवळ आणायला लावून भोकं मोजली. दोनच होती. गाडी पास झाली, आणि ह्या खेपेला मीही तिच्यात बसले. बसण्याआधी खाली वाकून डोकी बघितली. मुलगा टॉर्च धरून उभा राहिला.

विकणाऱ्याने अर्धे पैसे तेव्हाच दिले होते. उरलेले देतो देतो म्हणत वर्ष गेलं. मी ते बुडाले असंच धरलं होतं. काल पोस्टमन रोख पैशांचं जाड रजिस्टर पाकीट घेऊन आला, इथे पोस्टाने तसे पाठवता येतात. सुनेने इथल्या रीतीप्रमाणे सहीऐवजी शिक्का मारून ते घेतलं, माझ्यासमोर फोडलं, दोनदा मोजलं. मी तिसऱ्यांदा मोजलं. येनचा दर खाली आल्यामुळे रुपयांत थोडे कमी भरत होते, तेवढे तिने स्वतःचे घातले आणि माझ्या खात्यावर पाठवले. मी नको म्हटलं, तर म्हणाली, "आई, मोजून पूर्ण असले पाहिजेत ना." आज सकाळी बँकेचा मेसेज आला. आधीचे आणि हे मिळून एक लाख ऐंशी हजार, पूर्ण.