तिसरी रांग, आठवी कबर

मी ज्ञानदेवभाऊ वाहाण्यांबद्दल लिहितेय हे त्यांना कळलं, तर ते फोन करून म्हणतील, "ताई, दुसरा कोणी भेटला नाई का?" भेटले असते. कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या आमच्या मराठी मंडळात हृदयरोगाचे दोन डॉक्टर आहेत, समुद्राचे एक प्राध्यापक आहेत, आणि स्वतःबद्दल तासभर बोलू शकतील असे तर सगळेच आहेत. मीही त्यातलीच, इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तीस वर्षं रक्त तपासून निवृत्त झालेली चित्रा. पण मे महिन्यातल्या त्या सकाळी भाऊंनी जे केलं ते आमच्यापैकी कुणी केलं नसतं. मी तर नाहीच. त्या सकाळी मी काय बोलले तेही खाली येईल.

भाऊ वर्धा जिल्ह्यातले. तिकडे सर्व्हेअरचा डिप्लोमा केला आणि इथे आले तर त्या कागदाला कुणी विचारेना. शेवटी तीन जुन्या दफनभूमी सांभाळणाऱ्या एका लहानशा ट्रस्टमध्ये नोकरी मिळाली. काम एकच, कुठल्या रांगेत कितवी कबर कुणाची याचे नकाशे करायचे. मंडळात आम्ही त्यांना "भुतांचे तलाठी" म्हणायचो. तेही हसायचे. आंबेडकर जयंतीचा कार्यक्रम ते दर वर्षी कम्युनिटी हॉलमध्ये करतात, तिथे खुर्च्या मांडताना मी त्यांना पाहिलं आहे. एक, दोन, तीन, चार... मोजणं कायम मराठीत. "इंग्रजीत मोजलं की मले भरवसा नाई वाटत," असं म्हणायचे.

आता त्या सकाळचं. जोसाया व्हिटलॉक नावाचा एक पुढारी अडीचशे वर्षांपूर्वी मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावाचा प्रतिनिधी होता. कराविरुद्ध भाषणं केली, इंग्लंडच्या राजाला धाडलेल्या पहिल्या अर्जांवर सह्या केल्या, आणि खरोखर अमेरिकेच्या स्वातंत्र्याची वेळ आली तेव्हा राजाच्या बाजूने जाऊन जहाजात बसून हॅलिफॅक्सला पळाला. इथेच मेला. इतकी वर्षं गावाने त्याचं नाव टाकलं होतं. आता अडीचशे वर्षांच्या उत्सवात त्यांना कळवळा आला, आणि आपला माणूस परत नेऊन चौकातल्या चर्चच्या अंगणात नवी कबर बांधायची असं ठरलं. परवाने निघाले. त्यांच्या महापौरबाई, बँड, झेंडे, शिसवी पेटी, सगळं इकडे आलं. नऊला खणायला सुरुवात, अकराला पेटी निघणार.

भाऊंच्या निवृत्तीला आठवडा उरला होता. समारंभ बघायची मला हौस, म्हणून मीच त्यांना गाडीत घेतलं. धुकं इतकं होतं की पुलावर गाड्या मुंगीच्या गतीने चालल्या होत्या. भाऊ मांडीवर त्याच सकाळी हाती आलेली समारंभाची पत्रिका घेऊन बसले होते. तिच्यात दफनभूमीचा लहान नकाशा होता, तंबू कुठे, पाहुणे कुठे. तो बघताबघता त्यांचा हात थांबला.

"आठवी?" ते म्हणाले. "काऊन आठवी? चौथी होती नं."

मागच्या सीटवर त्यांच्या टेबलाच्या ड्रॉवरमधल्या सामानाची पिशवी होती. तिच्यातून त्यांनी कडा झिजलेली हिरवी वही काढली. भराभर पानं उलटली. मग त्यांनी वही माझ्यापुढे धरली. मी गाडी चालवतेय हेही ते विसरले.

तिसरी रांग. नावं इंग्रजीत, आकडेही इंग्रजीत. 1, 2, 3. मग व्हिटलॉक, आणि त्याच्यापुढे एक आकडा. पुढे परत 5, 6, 7, 8. आठव्या क्रमांकापुढे लिहिलं होतं, "डायना, व्हिटलॉकच्या घरची."

व्हिटलॉकपुढचा आकडा आपला मराठी ४ होता. घाईत लिहिलेला, वरची दोन टोकं जुळलेली. कुणीही शपथेवर सांगितलं असतं की हा 8 आहे.

"त्या दिवशी फोन आला होता, ताई," भाऊ म्हणाले. "अठ्ठ्याण्णवचा ऑक्टोबर. तीन लिहून झाला आन् ऑफिसातून बोलवायले आले. माय गेली म्हणून. मी परत येऊन एक ओळ लिहिली आन् मग लिहवलंच नाई. बाकीची रांग दुसऱ्या दिवशी केली."

पुढचं मला सांगायची गरज नव्हती. टाइप करणाऱ्याला एका रांगेत दोन आठ दिसले. एका कबरीत दोन माणसं कशी असतील? त्याने साहेब ठेवला आणि बाई खोडली. चौथ्या जागेवर "अज्ञात" लिहिलं. त्या आठवड्यात भाऊंपुढे जे कागद आले, त्यांवर त्यांनी न बघता सही केली. मूळ चर्चची नोंदवही पुढे तळघरात पाणी शिरून कुजली. म्हणजे सबंध जगात या चुकीचा पुरावा ही हिरवी वही, आणि चूक करणारा माझ्या शेजारी बसलेला.

"फोन करा," मी म्हणाले.

त्यांनी केला. खोदकाम बघणारी मेगन मॅकआयझॅक, पुरातत्त्ववाली. फोन उचलेना. ट्रस्टच्या अध्यक्षांचाही बंद. ओटावाला मुलीला, कोमलला लावला, ती म्हणाली, "बाबा, जस्ट ईमेल देम. डोंट पॅनिक." भाऊंनी फोन ठेवला. घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि आमच्या पुढचा ट्रक जागचा हलत नव्हता.

पोचलो तेव्हा दहाला पाच कमी होती. बँडवाले वाद्यं पुसत होते. तंबूत मेगन आठव्या कबरीत कंबरभर उतरली होती आणि ब्रशने माती झाडत होती. मातीत लाकडाची काळी कड दिसायला लागली होती.

भाऊ धावत गेले. त्यांना धावताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "मेगन, स्टॉप. प्लीज स्टॉप. धिस इज नॉट हिम."

तिने वही घेतली, वाचली. अध्यक्षही आले आणि तिच्या खांद्यावरून वाचायला लागले. भाऊंनी बोट ठेवून इंग्रजीत विचारलं, "तीन आणि पाचच्या मध्ये काय येतं?" मग खिशातलं पेन काढून पानाच्या कडेला आपले एक ते दहा आकडे लिहिले. मेगनचा चेहरा उतरला. अध्यक्षांचा नाही उतरला. ते तिघांपुरत्या आवाजात बोलले. मी जवळच होते, मला ऐकू आलं. परवाना आठव्या कबरीचा आहे. बदलायचा तर महिने जातील. तुझ्या सहीचा नकाशा एक सांगतो, तुझी वही दुसरंच सांगते. अडीचशे वर्षांनी खाली काय उरलंय, मूठभर माती. ती कुणाची हे कोण बघणार आहे? आणि डॅन, तुझा पुढच्या आठवड्यात निरोप समारंभ आहे. हा दोष शेवटी कुणाच्या नावावर जाईल, ते बघ.

डॅन म्हणजे भाऊ. ज्ञानदेवचं तिथे डॅन झालं होतं.

भाऊ माझ्याजवळ आले. आणि मी काय म्हणाले ते लिहिताना आजही माझे कान तापतात. मी मराठीत, हळूच म्हणाले, "भाऊ, जाऊ द्या ना. तुम्ही वेळेत सांगितलंत, तुमचं काम झालं. आणि एका परीने चांगलंच नाही का? बिचारी मोलकरीण. तिला बँड मिळेल, झेंडे मिळतील, संगमरवरी कबर मिळेल. तो बसू दे इथे चिखलात."

मला वाटलं होतं, मी काहीतरी खमंग बोलले.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, म्हणूनच जास्त लागलं. "मोलकरीण नव्हती, ताई. विकत घेतलेली होती. चर्चच्या वहीत लिहिलं होतं, मी वाचलं होतं. आता तिले नेऊन त्याच्या नावाच्या दगडाखाली ठेवतीन. कायमचं. जिवंतपणी त्याची, मेल्यावरबी त्याचीच. बँड कोणासाठी वाजन? त्याच्यासाठी."



अध्यक्षांनी मेगनला सुरू करायची खूण केली. ती जागची हलली नाही, पण खड्ड्यातून वरही आली नाही. तिचीही नोकरीच. ब्रश हातात धरून ती नुसती भाऊंकडे बघत होती. बाहेर बँडने सूर जुळवायला सुरुवात केली. सव्वादहा झाले होते.

भाऊंनी बूट काढले. का काढले कोण जाणे, आपल्याकडची सवय असावी. ते मोज्यांनिशी खड्ड्याच्या कडेला बसले, पाय आत सोडले, आणि म्हणाले, "आय विल नॉट मूव्ह. कॉल पोलीस."

तंबूचं कापड बाजूला झालं आणि महापौरबाई आत आल्या. सत्तरीच्या, उंच, पांढरे केस. काय चाललंय म्हणून त्यांनी विचारलं. अध्यक्षांनी तोंड उघडायच्या आत भाऊच बोलले. त्यांचं इंग्रजी मोडकंतोडकं, पण एक शब्द वाकडा नव्हता. चूक माझी. आकडा मी लिहिला, सही माझी. तुमचा माणूस तिकडे, चौथ्या जागी आहे. ही त्याची नाही. हिचं नाव डायना.

बाईंनी वही मागून घेतली आणि ते पान नीट पाहिलं. मला तर रक्तदाबाची गोळी आठवली. मग त्या म्हणाल्या, "सतरा लोकांना घेऊन मी नऊ तासांचा प्रवास करून आलेय, मिस्टर वाहाणे." आडनाव त्यांनी वहीच्या मुखपृष्ठावरून वाचलं होतं, आणि बरोबर उच्चारलं. "चुकीचं माणूस न्यायला नाही."

बँड थांबला. दुपारी शिसवी पेटी रिकामीच परत गेली.

जुलैमध्ये नवा परवाना आला आणि चौथी कबर उघडली. शवपेटीवरची पत्र्याची पाटी मिळाली, तिच्यावर जे. डब्ल्यू. आणि सन. व्हिटलॉकसाहेब आपल्या गावी गेले, म्हणे सगळं थाटात झालं. भाऊ त्याला नव्हते. त्यांच्या फायलीत ठपक्याचं पत्र लागलं होतं आणि निरोप समारंभ "पुढे ढकलला" होता. पुढे म्हणजे कुठे, ते कुणी सांगितलं नाही. मंडळात मी हे सांगितलं तेव्हा एक डॉक्टर म्हणाले, उगाच कशाला ओढवून घेतलं. मी त्यांच्याशी भांडले. दोन महिने आधी मीही तेच म्हणाले होते, हेही त्यांना सांगून टाकलं.

पण त्या मे महिन्यातल्या दुपारचं राहिलं. सगळे गेल्यावर मेगनने आणि भाऊंनी मिळून खड्डा भरला. मीही फावडं घेतलं, चार वेळा उचललं आणि दमले. माती सपाट झाल्यावर भाऊंनी मेगनकडून नकाशा मागून घेतला, आठव्या जागेवरचं व्हिटलॉकचं नाव खोडलं आणि डायना लिहिलं. चौथ्या जागी व्हिटलॉक लिहिताना आकडा इंग्रजीत काढला, आणि दोनदा तपासला.

परत येताना पूल मोकळा होता. मला काहीतरी बोलायचं होतं म्हणून मी विचारलं, "आईंना कुठे ठेवलं होतं, भाऊ?"

"गावाबाहेर, आमच्या लोकाइच्या जागेत. मी पोचलो पाच महिन्यांनी. तवर तिथून रस्ता रुंद केला होता." ते खिडकीबाहेर बघत होते. "माय किती पावलावर होती ते भावाले आठवत होतं. मोजायले गेलो तर ट्रक थांबेचना."