मानेतलं द्राक्ष

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी हे सगळं सुरू झालं. मी मेथीच्या जुड्या बांधत होते. चार वर्षांची जुई पाठीवर लोंबकळली, गळ्यात हात टाकले आणि म्हणाली, "आई, तुझ्या मानेत द्राक्ष आहे."

ते द्राक्ष म्हणजे लिम्फोमा निघाला, एक प्रकारचा कॅन्सर. मग दर एकवीस दिवसांनी द्वारका चौकात रिक्षा बदलून हॉस्पिटलात जायचं, चार-पाच तास सलाइन लावून बसायचं. एवढा वेळ बसलं की किस्से साठणारच. रडून रडून माणूस किती रडणार?

*

पहिला किस्सा सासूबाईंचा. त्यांनी गाठ दाबून बघितली.

"दुखते का गं?"

"नाही."

"मग दुखल्यावर बघू."

दोन महिने आम्ही ती दुखायची वाट बघितली. डॉक्टरांना हे सांगितलं तर त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "ताई, न दुखणारी गाठ राहिली तर ती आधी दाखवायची."

*

माझ्या शेजारच्या खुर्चीवर कळवणचे काका असायचे. कांदा पिकवणारे, आजार माझाच. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "गाठ कापून टाका ना, हे सलाइन कशाला?"

डॉक्टर म्हणाले, "अंगात पांढऱ्या पेशी असतात, त्या आपल्या राखणदार. जंतू शिरला की त्याला धरतात. या आजारात त्यातलेच काही बिघडतात आणि वाढत सुटतात. राखणदार अंगभर फिरतो, म्हणून औषधही अंगभर."

"म्हंजे कुंपणच शेत खातंय."

"बरोबर."

"मग समदं कुंपणच उपटा की."

"गुरं शिरतील काका. या औषधानं थोडं कुंपण पडतंच. म्हणून ताप आला तर घरी बसायचं नाही, लगेच इकडं यायचं."

मी सातवी शिकलेली. पण त्या दिवशी मला आख्खा आजार कळला, आणि कळल्यावर निम्मी भीती गेली. उरलेली निम्मी जुईच्या नावाची होती. हिची वेणी पुढं कोण घालणार, एवढीच.

*

काकांनी केमोच्या तारखा आणि कुठल्या हाताला सुई, हे सगळं फवारणीच्या वहीत लिहिलं होतं. एकदा सलाइन चालू असताना मुलाचा फोन आला. "बाबा, सोमवारी 'उजवा हात' लिहिलंय. हा कुठला प्लॉट?"

काका म्हणाले, "घरचाच हाय. तू कांद्याकडं बघ."

*

सासूबाईंनी सुरुवातीला माझं ताट वेगळं केलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, "हिचा आजार कुणाला लागत नाही. तुमचा सर्दी-खोकला मात्र हिला लागेल."

दुसऱ्या दिवसापासून ताट एकत्र आणि दारात बादली. भेटायला आलेल्या चुलत सासूबाईंना त्यांनी उंबऱ्यातच अडवलं. "आधी साबणानं हात धुवा. आणि शिंक आली तर परत गावाला जाऊन शिंका."

*

शेवटच्या स्कॅनचा रिपोर्ट आणायला जुईला सोबत नेलं. डॉक्टर म्हणाले, "गाठ राहिली नाही. तपासणीला मात्र येत राहायचं."

मी तीनदा विचारलं, "खरं ना?"

तेवढ्यात जुई खुर्चीवर चढली. माझी मान दोन्ही बाजूंनी चाचपली आणि म्हणाली, "सीझन संपला."

मग डॉक्टरांकडे वळली. "खाली वाका."

ते वाकले. तिनं त्यांचीही मान नीट बघितली.

"तुमची चांगली आहे. आता बाहेर बसलेत त्यांना सांगा, मान दाखवून जा. आणि त्यांना म्हणावं, घरी जाऊन सगळ्यांना सांगा."