खाबुऱ्यातली दुपार आणि ट्रकखालून बाहेर आलेले पाय

मी या धाग्याचा जुना वाचक. लिहीत नाही. भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता... वसईला आमच्या आळीतली पोरं ज्या विहिरीच्या वाऱ्यालाही उभी राहत नसत, तिच्यात मी भर दुपारी सूर मारायचो. आजही विश्वास बसलाय असं म्हणणार नाही. पण इथले अनुभव वाचताना एक जाणवतं – तुम्हा सगळ्यांना निदान दुसऱ्या कुणीतरी घाबरवलं. माझं प्रकरण तेवढंही धड नाही. सिसिलिया, म्हणजे आमची मंडळी, म्हणते, "लिहून टाका एकदाचं. इतकी वर्षं मी एकटीनेच का ऐकायचं?" म्हणून लिहितो.

नव्वदीच्या शेवटाची गोष्ट. ओमानच्या किनाऱ्यावर खाबुरा म्हणून गाव आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खजुराच्या बागा, मधून सोहारकडे जाणारा हायवे. त्या हायवेलगतच्या एका गॅरेजात मी फोरमन होतो. ओमानमध्ये ट्रक गंजतात म्हटलं की लोक हसतात – पाऊस कुठे आहे तिथे? पण हिवाळ्यात खाबुऱ्याला तारली मासळी येते. जनावरांच्या खाण्यासाठी ती किनाऱ्यावरच वाळत टाकतात. ट्रक थेट ओल्या वाळूत उतरतात, वरून माशांचं खारं पाणी फळ्यांच्या फटीतून गळत राहतं, आणि पहाटे दव. दोन हिवाळ्यांत चॅसीचा पापड होतो, हातात घेऊन मोडावा असा.

म्हणून कोकणात पावसाआधी घर शाकारतात, तसे आम्ही नोव्हेंबरात ट्रकची पोटं रंगवायचो. त्याची रीत ठरलेली. टँकरचं गोडं पाणी मारून धुवायचं – गॅरेजच्या बोअरचं नाही, ते स्वतःच खारट. दोन दिवस वाळू द्यायचं. तारेच्या ब्रशने घासायचं. मग खाली झोपून वीत-वीतभर अंतरावर हातोडी मारत जायचं. धड लोखंड ठणठण वाजतं, कुजलेलं नुसतं थप करतं. सगळं ठीक असलं तर रेडऑक्साइड, आणि वर डांबरी काळा कोट. यातलं हातोडीचं काम फोरमनचं. म्हणजे माझं.

आता पोटाबद्दल. ट्रकच्या नव्हे, माझ्या.

ते तोवर इतकं वाढलं होतं, की पुठ्ठा टाकून ट्रकखाली सरकायचं म्हणजे आधी सगळा श्वास सोडायला लागे. बाहेर येताना दोघांनी पाय धरून ओढायचं. पेंटर तोंड फिरवून हसे. त्यामुळे गेल्या वर्षभरात मी एक सोपी पद्धत शोधली होती – वाकायचं, टॉर्च मारायचा, "हं" म्हणायचं, आणि कार्डावर 'तपासलं' लिहून सही करायची. काळा कोट बसला की पोट नव्या गाडीसारखं चकचकतं. खाली वाकून बघतो कोण?

त्या बुधवारी दाऊदभाई ट्रक घेऊन आले. दापोलीकडचे. पन्नाशी उलटलेली, बोलणं हळू. एका मासेवाल्या अर्बाबचा, म्हणजे तिथल्या मालकाचा, ट्रक ते चालवायचे. किनाऱ्यावरून तारली भरायची आणि डोंगरातल्या कच्च्या रस्त्याने पार पलीकडच्या गावांत उंटा-शेळ्यांसाठी पोचवायची. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला कोरडी खोल नदी.

"मिस्त्री," ते म्हणाले, "चढावर स्प्रिंगचे मागचे पाटे कुरकुरतात ओ. हातोडी मारून नीट बघा. माझी गाडी तिथे सुटली, तर वर काढायला पण कोण येणार नाही."

"बघतो ना, दाऊदभाई. तुमच्या गाडीला नाही बघणार?"

तेवढ्यात अर्बाब आला. तारली लवकर लागली होती. "यल्ला, यल्ला! कल गाडी चाहिए." वाळवायला दोन दिवस नव्हतेच. गोड्या पाण्याचा टँकर बोलवायलाही वेळ नव्हता. आम्ही बोअरच्याच पाण्याने धुतलं, वरवर पुसलं. मी टॉर्च मारला. "हं" म्हटलं. गुरुवारी सकाळी पेंटरने काळा कोट मारला.

"हातोडी मारली ना?" दाऊदभाईंनी विचारलं.

"मारली," मी म्हणालो. कार्डावर सही करता करता.

एक ते चार गॅरेज बंद. पेंटर आपल्या खोलीवर गेला. दाऊदभाई आवारातच लिंबाखाली चटई टाकून आडवे झाले, त्यांनी फाटकाला आतून कडी घातली. मी घरी – घर म्हणजे पाच मिनिटांवर एका दुकानाच्या वरचा मजला. सुरमईचं कालवण, भात, आणि झोप. सिसिलिया त्याच खोलीत मुलीचा फ्रॉक शिवत होती. ती शपथेवर सांगते, मी पावणेचारपर्यंत हललो नाही. घोरण्याने तिची मशीन थरथरत होती म्हणते. अतिशयोक्ती आहे. थोडीशी.

चार वाजता फाटकावर थाप मारली. दाऊदभाईंनी कडी काढली, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हे काय? आता परत बाहेर कधी गेलात?"

"परत म्हणजे?"

"मागे मोरीवर हात धुवायला गेला होता ना?" मग त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "मिस्त्री, माफ करा मला. खरं सांगतो, मी मनात म्हणत होतो, हा माणूस नुसती सही ठोकतो. आणि तुम्ही भर उन्हात, जेवण सोडून... तासभर ठोकत होता ओ खाली! मी पडल्या पडल्या बघत होतो. आत शिरताना 'आई गं' म्हणालात ते पण ऐकलं."

मी त्यांच्या खांद्यावरून ट्रककडे बघत होतो.

"पाय तेवढे बाहेर. ठण, ठण, ठण... आणि मागे आलात तसं – थप. तिथे तीनदा मारलंत. मग बाहेर येऊन मला म्हणालात, 'दाऊदभाई, ही गाडी डोंगरात न्यायची नाही. पाट्याचा ब्रॅकेट धरलाय ते लोखंड संपलंय.'"

आता इथे कुठल्याही सरळ माणसाने काय म्हटलं असतं? "तो मी नव्हे." तीन शब्द. मी म्हणालो, "हं... हो. संपलंय."

मग मी पुठ्ठा घेतला, श्वास सोडला आणि खाली शिरलो. त्या ओलसर काळ्या रंगावर हातोडीचे खळगे होते. वीत-वीतभर अंतरावर, एका ओळीत, पुढून मागेपर्यंत. इतकं नेटकं काम मी नवीन असतानाही केलं नव्हतं. आणि मागच्या ब्रॅकेटपाशी भोक. मी बोट घातलं, तर ते आरपार गेलं. तपकिरी पापुद्रे तोंडावर पडले.

अर्बाबला दाऊदभाईंनीच सांगितलं. तो आधी चिडला, मग त्याने खाली वाकून बघितलं. माझ्या पाठीवर थाप मारली. "लोपीस, तुम अच्छा आदमी." ट्रक दोन आठवडे उभा राहिला, ते लोखंड कापून नवं वेल्ड केलं. कापलेला तुकडा वेल्डरने हाताने मोडून दाखवला.

बाकी, काम त्याने केलं आणि उजवं मनगट दुखलं माझं. चांगले तीन दिवस. डाव्या हाताने जेवत होतो.

दाऊदभाईंनी गावभर सांगितलं. ड्रायव्हर येऊन म्हणायला लागले, "आम्हाला लोपीस मिस्त्रीचीच हातोडी पाहिजे." झक मारत खाली जायला लागलो. दर वेळी 'आई गं' म्हणत. पोट जरा उतरलं. पण कुणी शाबासकी दिली की अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. चर्चमध्ये कन्फेशनला सांगितलं. फादर म्हणाले, "खोटी सही केलीस ते पाप. बाकीचं मला समजत नाही." सिसिलियाला सांगितलं, तर ती म्हणाली, "तो कामसू परत आला तर आधी घरी पाठवा. गॅसची शेगडी बघायचीय."

काही वर्षांनी आम्ही राजधानीजवळच्या अल खौदला आलो. तिथे एका शुक्रवारी मुलीने दार उघडलं. "पप्पा, ते ट्रकवाला अंकल आला." तिचं मराठी तेव्हा असंच होतं, इंग्लिश स्कूलचं. दाऊदभाई होते, हातात सुक्या सुरमईचं पुडकं. कायमचे दापोलीला निघाले होते. चहा घेता घेता त्यांनी मुलीला जवळ बसवलं.

"बेटी, तुझ्या बापाने माझा जीव वाचवलाय. माझी चार पोरं त्यांच्यामुळे बाप बघतायत. ध्यानात ठेव."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. चौदा वर्षांची पोर. माझ्याकडे तसं तिने त्याआधी कधी बघितलं नव्हतं... आणि ते मला सोसेना.

"दाऊदभाई," मी म्हणालो, "तो मी नव्हतो. त्या दुपारी मी घरी झोपलो होतो. हातोडी मारली म्हणालो होतो तेही खोटं. मी तुम्हाला तसाच पाठवणार होतो."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. दाऊदभाईंनी कप खाली ठेवला. मला वाटलं, हसतील. किंवा शिवी देतील. दोन्ही चाललं असतं.

"तेव्हाच एक खटकलं होतं," ते सावकाश म्हणाले.

"काय?"

"तो माझ्याकडे बघून बोलला होता, मिस्त्री. डोळ्यांत बघून. तुम्ही कधी तसं बोलत नाही."

त्यांनी चहा पुरा केला. सिसिलियाला 'येतो वहिनी' म्हणाले. मुलगी त्यांची पिशवी टॅक्सीपर्यंत घेऊन गेली. मी दारात उभा. निरोप घेतानाही त्यांच्या चपलांकडेच बघत होतो.

उन्हाचा भास म्हणावा, तर भासाला रंगावर खळगे पाडता येत नाहीत. भूत म्हणावं, तर त्यासाठी आधी कुणालातरी मरावं लागतं, मी तर घोरत होतो. तेव्हा खुलासा नाही. शोधायचाही सोडलाय. मुलगी आता संसाराला लागली. त्या दिवसाबद्दल तिने मला एका शब्दाने विचारलेलं नाही. फक्त मी काही सांगायला लागलो आणि नजर जमिनीकडे गेली, की बोलता बोलता थांबवते. म्हणते, "पप्पा, इकडे बघून सांग."