लांबूनच बघ

"डोळा टेकवू नको. लांबूनच बघ."

धाकटे मालक रुमालानं दुर्बिणीची काच पुसत मला म्हणाले. माझ्या आधी वर्गातल्या सगळ्या मुलींनी त्याच काचेला डोळा लावला होता. तेव्हा रुमाल खिशात होता.

मुरुडजवळचं आमचं गाव. मी नववीत होते. तारकागुच्छ दाखवायला सरांनी वर्गाला मालकांच्या गच्चीवर नेलं होतं. लाखो तारे तिथं एकमेकांना खेटून राहतात, असं सर सांगत होते. दक्षिणेला, अगदी आमच्या वस्तीच्या वर होता तो. पण समाजमंदिरापुढचा हॅलोजन आड येत होता. थोरल्या मालकांनी एवढ्या वर्गातून बरोबर मलाच शोधलं.

"जा गं, तुमचा लाईट बंद करून ये."

मी पळत गेले. बटण दाबलं. वस्ती काळीठिक्कर. तिथंच चुलतीला साप चावला होता, तेव्हा ग्रामपंचायतीत भांडून बसवलेला लाईट तो. अंधारातून आईनं विचारलं, "लाईट गेली का गं?"

"न्हाई. मालकांनी बंद करायला लावलं."

आई चाचपडत काठी घेऊन उंबऱ्यावर बसली. 

आणि परत आले तर हा रुमाल. लांबून बघितलं. काचेत काही नाही. लांबून दुर्बिणीत काही दिसत नसतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं? सर चपलेकडं बघत होते.

"झालं ना बघून? हो बाजूला," धाकटे मालक म्हणाले.

माझे वडील त्यांचे सालगडी. तेव्हा खाली गोठ्यातच होते. मी जिना उतरले, अंधारात वस्ती गाठली आणि बटण दाबलं. लख्ख उजेड पडला.

गच्चीवरून थोरल्या मालकांचा आवाज आला, "कोण हाय त्ये? बंद कर."

वडील धापा टाकत आले. "बंद कर, माय. सकाळी तोंड दाखवायचंय मला त्यांना."

बटणावर तळवा दाबून धरला.

"न्हाई करणार, आबा. त्यांना बी बघू द्या की लांबूनच."

सकाळी वडिलांचं काम गेलं. आज मी नांदेडला नोकरी करते. तो तारकागुच्छ मी अजून पाहिलेला नाही. पाहीन तर डोळा टेकवून. आणि वस्तीतला लाईट चालू ठेवून.