जिन्याखालचा सर्व्हर

खटपट्याची वहिनी कोणामुळे गेली, त्याच्यामुळे की माझ्यामुळे, याचा निवाडा कोणी केला नाही. खटपट्याने दोष स्वतःच्या नावावर लिहून घेतला आणि मी सहा आठवडे तो तसाच राहू दिला. आधी त्याच्याबद्दल सांगते, मग माझ्याबद्दल.

मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत टायपिस्ट. डॉक्टर सूक्ष्मदर्शकात बघून बोलतात, मी ते ऐकते आणि रिपोर्ट टाइप करते. एकवीस वर्षं झाली. खटपट्या आमचा वायरमन. कागदोपत्री त्याचं काम दिवे, पंखे आणि बटणं. पण बंद पडलेली वस्तू दिसली की त्याच्या हाताला खाज सुटायची. प्रयोगशाळेतला वजनकाटा त्याने नीट केला, मेट्रनबाईंचा रेडिओ नीट केला, आणि एकदा नीट चालणारा पंखाही नीट करायला घेतला, तो मात्र बंद पडला. तेव्हापासून त्याला खटपट्या म्हणायला लागले. नाव मीच ठेवलं.

त्या काळी आमचे रिपोर्ट शिपायाच्या खिशातल्या पेनड्राइव्हवरून वॉर्डात जायचे. तीन इमारती, एक पेनड्राइव्ह. एकदा तो खिशासकट धुवायला गेला आणि अठ्ठेचाळीस रिपोर्ट मला पुन्हा टाइप करावे लागले. गंमत म्हणजे तिन्ही इमारतींना जोडणारी नेटवर्कची वायर भिंतीतून आधीच गेलेली होती. कोणीतरी कधीतरी टाकली आणि विसरून गेलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. खटपट्याला हे सहन झालं नाही.

मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर त्याने जिन्याखाली, झाडू आणि बादल्यांच्या शेजारी मांडला आणि जेवणाच्या सुट्टीत पुस्तकात बघून प्रोग्राम लिहायला बसला. प्रोग्रामचं काम एवढंच: मी रिपोर्ट त्यातल्या एका फोल्डरमध्ये टाकायचा, वॉर्डातल्या डॉक्टरांनी ब्राउझरमध्ये पेशंटचं नाव घालायचं, की त्या पेशंटच्या फायलींची यादी दिसणार आणि बोट लावलं की फाईल उघडणार. ऐकायला सोपं. पहिल्या आठवड्यात तो एका वेळी एकालाच फाईल देऊ शकायचा. दुसऱ्याने मागितली की दोघंही ताटकळत. मी म्हटलं, न्हाव्याच्या दुकानातसुद्धा खुर्च्या दोन असतात. त्याने दोन केल्या, मग वीस. स्लाइडचे मोठे फोटो मागितले की ते जुनं धूड गुदमरून पडायचं, कारण प्रोग्राम अख्खी फाईल एकदम उचलायला बघायचा. मग खटपट्याने त्याला ती तुकड्या-तुकड्याने द्यायला शिकवलं. शेवटी सगळा प्रोग्राम छापला तर सात पानं भरली. ती सात पानं तो घडी करून शर्टाच्या खिशात ठेवायचा.

एक दिवस त्यानेच मला सांगितलं होतं की कॉम्प्युटरच्या भाषेत दोन टिंबं म्हणजे आहे त्या फोल्डरमधून एक पायरी वर. मला कुठलं गप्प बसवतंय! मी ब्राउझरमध्ये पत्त्याच्या शेवटी दोन टिंबं टाकली, आणखी दोन टाकली, आणि रिपोर्टांच्या फोल्डरमधून निघून थेट त्याच्या खासगी फोल्डरमध्ये पोचले. तिथे त्याच्या रजेचा अर्ज होता. वहिनीच्या मानेत गाठ आली आहे, तिला दाखवायला न्यायचं आहे, अर्धा दिवस रजा मिळावी.

मी त्याला म्हटलं, तुझ्या घराला मागचं दार आहे रे. तो पांढराफटक पडला. अर्ज वाचला म्हणून नाही. एवढ्या लोकांचे आजार त्या पेटीत आणि कोणीही आत चालत येऊ शकतं, म्हणून. त्याच दिवशी त्याने ते दार लिंपून टाकलं. शिवाय कोणती फाईल कधी आली, कोणी कधी उघडली, याची आपोआप नोंद होईल अशी सोय केली. आणि स्वतःला एक नियम घालून घेतला.

"सगळ्या किल्ल्या माझ्याकडे आहेत ताई," तो म्हणाला. "म्हणून मी एकही दार उघडायचं नाही."

वहिनीबद्दल मला थोडं माहीत होतं. आई गेली तेव्हा खटपट्या चार वर्षांचा होता. घरात नुकतीच आलेली मोठ्या भावाची बायको, स्वतः एकोणीस वर्षांची, तिने त्याला कडेवर घेतलं ते जवळजवळ उतरवलंच नाही. चाळिशी आली तरी त्याचं लग्न झालं नव्हतं आणि शर्टाची बटणं वहिनीच लावायची. गाठ दाखवायला आली तेव्हा तिला जिन्याखालची पेटी बघायची होती. एवढंसं? असं म्हणून तिने पदराने पेटीवरची धूळ पुसली. मग डॉक्टरांपासून आयापर्यंत जो भेटेल त्याला ती सांगत सुटली की हे आमच्या धाकट्याने केलंय. खटपट्या मान खाली घालून मागे उभा.

गाठीत सुई टोचून घेतलेला पहिला नमुना आला. वाईट पेशी नाहीत, असा रिपोर्ट मीच टाइप केला. वॉर्डातल्या डॉक्टरांना शंका होती, त्यांनी आठ दिवसांनी दुसऱ्या बाजूने पुन्हा नमुना घेतला. तोही रिपोर्ट मीच टाइप केला. दिवसाला पन्नास रिपोर्ट होतात. बोटं वाचतात, डोकं वाचत नाही. नाव पाहून माझ्या मनात काहीच हललं नाही.

आता माझी गोष्ट. माझ्या कॉम्प्युटरमध्ये एक छोटा गोल सेल असतो, मशीन बंद असतानाही घड्याळ चालू ठेवणारा. तो मेला होता. त्यामुळे मशीन बंद झालं की घड्याळ सात वर्षं मागे, पहिल्या जानेवारीच्या मध्यरात्रीवर जायचं. रोज सकाळी पर्स ठेवायची, चष्मा लावायचा, घड्याळ लावायचं, मग काम. खटपट्या सेल आणतो म्हणाला होता. मी चार-पाचदा आठवण करून दिली, मग सोडून दिली. सवय झाली होती.

त्या दिवशी दुपारी दहा मिनिटं वीज गेली. आली तशी मी मशीन सुरू केलं आणि टाइप करत सुटले. घड्याळ ही सकाळची गोष्ट होती. दुपारी ते लावायचं असतं हे माझ्या ध्यानीमनीही आलं नाही. संध्याकाळपर्यंतचे सगळे रिपोर्ट सात वर्षांपूर्वीची तारीख घेऊन जिन्याखालच्या सर्व्हरवर गेले.

डॉक्टरांचा हट्ट असा की यादीत सगळ्यात नवा रिपोर्ट वर हवा, आणि वेळ तो टाइप झाल्याची धरायची, पोचल्याची नाही. खटपट्याने तसंच केलं होतं. ज्यांचा एकच रिपोर्ट होता, त्यांचं काही बिघडलं नाही. वहिनीचे दोन होते. डॉक्टरांनी नाव घातलं, वरची फाईल उघडली. वाईट पेशी नाहीत. झालं, घरी जा, म्हणाले. दुसरा रिपोर्ट खालच्या ओळीत पडून राहिला, आणि त्यात लिहिलं होतं की कर्करोग आहे, उपचार ताबडतोब सुरू करावेत.

पाच महिन्यांनी गाठ गळाभर झाली. तिला मोठ्या रुग्णालयात नेलं, त्यांनी जुने कागद मागितले. खटपट्या माझ्याकडे आला तो वहिनीच्या सहीची चिठ्ठी घेऊन. माझ्या फायली उघडायला माझी परवानगी आहे, अशी. घरच्या माणसासाठीही त्याने नियम मोडला नाही. उघडायलाही मलाच सांगितलं.

मी उघडलं. दोन ओळी. खालच्या ओळीवर पहिली जानेवारी, सात वर्षांपूर्वीची, रात्री बारा वाजून अकरा मिनिटं. त्याने ती फाईल उघडायला लावली, उभ्या उभ्या वाचली, मग नोंदी काढायला लावल्या. आमची आत्ताची सोडली तर त्या रिपोर्टापुढे एकच नोंद होती, तो सर्व्हरवर आल्याची. उघडल्याची एकही नाही.

चिठ्ठी घडी करून खिशात ठेवून तो निघून गेला. घड्याळ मी लावलं नव्हतं, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मी फायली बंद केल्या आणि पुढचा रिपोर्ट टाइप करायला घेतला.

दुसऱ्या दिवशी त्याने रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांना लेखी दिलं. प्रोग्राम माझा, रिपोर्टांचा क्रम मी लावला, घड्याळावर भरवसा मी ठेवला, दोष माझा. त्यात माझ्या मशीनचा उल्लेखही नव्हता. साहेबांनी कागद फाईलला लावला नाही. असा प्रोग्राम आपल्याकडे कधी नव्हताच, असं त्यांनी सगळ्यांना समजावलं, पेटी हलवली आणि शिपायाच्या खिशात पुन्हा पेनड्राइव्ह आला. खटपट्या रजेवर गेला. मोठ्या रुग्णालयातले डॉक्टर म्हणाले म्हणे, पाच महिन्यांपूर्वी आणायचं होतं. सहाव्या आठवड्यात वहिनी गेली.

तो कामावर आला त्या सोमवारी मी त्याला जिन्याखाली गाठलं. झाडू आणि बादल्या होत्या, पेटीची जागा रिकामी होती. मी सांगून टाकलं. वीज गेली होती, घड्याळ मी लावलं नाही, फाईल उघडली त्याच दिवशी मला कळलं होतं, मी गप्प बसले. तो मला दोन शब्द सुनावेल, निदान पाठ फिरवेल, असं वाटलं होतं. मला तेच हवं होतं.

"बारा वाजून अकरा मिनिटं," तो म्हणाला. "आपल्याकडे मध्यरात्री कोण टाइप करतं, ताई? मशीन कोणाचं ते मला तेव्हाच कळलं."

त्याने खिशात हात घातला. त्या सात पानांच्या घडीतून पुठ्ठ्यावर चिकटवलेला गोल सेल निघाला. पुठ्ठा कडेला मळला होता.

"हा मी मार्चमध्ये आणला. वहिनीचा पहिला नमुना घ्यायच्याही आधी. बसवायला पाच मिनिटं लागतात. रोज खिशात घेऊन यायचो. रोज दुसरं काहीतरी निघायचं."

वहिनीला हे सांगितलंस का, मी विचारलं. सांगितलं म्हणाला, शेवटच्या आठवड्यात, सगळं सांगितलं. ती काय म्हणाली ते विचारायचा मला धीर झाला नाही. त्यानेच सांगितलं.

"म्हणाली, दोनदा सुई टोचली आणि कागद एकच दाखवला, हे माझ्या लक्षात आलं होतं रे. विचारणार होते. पण म्हटलं, आमच्या धाकट्याने केलेलं आहे, त्यात कसली चूक असणार?"

मग तो माझ्या टेबलापाशी आला, मशीनचं झाकण काढलं, मेलेला सेल काढून नवा बसवला. खरंच पाच मिनिटं लागली. झाकण लावून तो बाजूला सरकला आणि घड्याळ तुम्हीच लावा म्हणाला.

मी खुर्चीत बसले, चष्मा लावला आणि त्याला विचारलं, किती वाजले? त्याने मनगटाकडे बघून वेळ सांगितली. मी ती घातली. अजून सकाळी पर्स ठेवली की मी आधी घड्याळ बघते. ते बरोबर असतं.